मुलांना उपकारस्तुती कशी शिकवायची: वल्हांडण, मांडवांचा सण आणि आपलं प्रभुभोजन

तू विचारलंस ते आधी थोडक्यात मांडते. नाशिकरोडला तुमच्या चर्चच्या मंडळीत तू संडे स्कूलची 9 ते 13 वयाची मुलं घेतेस, त्यांना विचारलं की देवाचे उपकार कशाबद्दल मानायचे तर सगळी एका सुरात "आईबाबा, घर, अन्न, आरोग्य, शिक्षण" म्हणतात आणि मोकळी होतात, आणि तुझं म्हणणं की मावशी हे पाठांतर आहे, यात मन कुठेच नाही. दुसरं म्हणजे मंडळीत वाद सुरू झालाय, काही जण म्हणतात ज्यू लोकांचे सण आपणही पाळायला हवेत, एकाने तर शोफार म्हणजे मेंढ्याच्या शिंगाचं ते वाद्यही मागवलंय, आणि बाकीचे म्हणतात ते सगळं जुन्या करारातलं म्हणजे बायबलच्या येशूआधीच्या भागातलं, ख्रिस्तात संपलं, आता कशाला उकरायचं. तर मुलांना काय सांगू.

मी 29 वर्षं संडे स्कूल घेतलं, त्यातली बरीच वर्षं उपासनेची तयारीही माझ्याकडेच असायची, त्यामुळे जे करून बघितलंय तेच सांगते. आधी मुलांचं घेऊ, सणांच्या वादाचं उत्तर त्यातूनच येतं.

खरी अडचण "सर्व" या शब्दात आहे बघ. आपण मोठी माणसंच प्रार्थनेत म्हणतो, "प्रभू, तुझ्या सर्व आशीर्वादांबद्दल धन्यवाद", आणि पुढच्या विनंत्यांकडे वळतो. मुलं तेच उचलतात. पण बायबलमध्ये उपकार मानणारा माणूस नेहमी काय झालं ते सांगतो, कधी, कुठे, कुणाच्या हातून सोडवलं ते नावानिशी सांगतो. 136 वं स्तोत्र काढ. 26 ओव्या आहेत आणि 26 वेळा "कारण त्याची दया सनातन आहे". आधी सूर्य, चंद्र, तारे, मग तांबडा समुद्र, मग रान, मग सीहोन आणि ओग अशी राजांची नावं, आणि शेवटाकडे येता येता प्रत्येक प्राण्याला अन्न देतो हे. अर्धी ओवी एका माणसाने म्हणायची आणि उरलेली सगळ्यांनी, असंच ते रचलंय, आपल्या भजनात पुढचा म्हणतो आणि मागचे धरतात तसं.

मी मुलांना वहीत स्वतःचं 136 वं स्तोत्र लिहायला लावायचे. प्रत्येकाने 6 ओळी, प्रत्येक ओळीत खरी घडलेली एकच गोष्ट, आणि "सर्व" हा शब्द वापरायचा नाही. पहिल्या रविवारी मुलं अडकतात, पेन चावत बसतात, बसू दे. एका वर्षी एक मुलगा, असेल 11 वर्षांचा, माझ्याकडे वही घेऊन आला आणि हळूच म्हणाला, "टीचर, हे लिहिलं तर चालेल का?" त्याने लिहिलं होतं, "पप्पांचं काम सुटलं, कारण त्याची दया सनातन आहे." खाली पेन्सिलीने खोडल्यासारखं केलेलं होतं. मला एकदम काही सुचेना. मग मी त्याला 23 वी ओवी दाखवली, आमच्या दैन्यावस्थेत त्याने आमची आठवण केली अशी, आणि विचारलं की काम सुटल्यापासून तुमच्या घरी कोण कोण आलं. तो बोटं मोजायला लागला, मामा आले, शेजारच्या काकूंनी गव्हाचं पोतं दिलं, पप्पा आता शाळेत सोडायला येतात. हे त्याने खाली लिहिलं. वरची ओळ त्याने काढली नाही आणि मीही काढायला सांगितली नाही, कारण स्तोत्रातही दैन्य आधी येतं आणि मगच आठवण येते.

आता सणांकडे येते. आठवण म्हणजे आपल्याला वाटतं डोक्यातलं काम, पण पवित्र शास्त्रात आठवण हाताने, तोंडाने, पोटाने करायची असते. वल्हांडण हा शब्दच बघ, आपल्या ओलांडण्याचंच जुनं रूप, मिसर म्हणजे इजिप्तमधल्या गुलामीतून इस्राएली लोक सुटले ती रात्र, मरण त्यांच्या घरांना ओलांडून गेलं. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या 12 व्या अध्यायात तिथल्या तिथेच सांगून ठेवलंय की पुढे तुमची मुलं विचारतील याचा अर्थ काय, तेव्हा त्यांना सांगा. म्हणजे मिसरातून पाय निघायच्या आधीच मुलांच्या प्रश्नाची सोय केलेली आहे! ज्यू घरात त्या रात्रीच्या जेवणाला सेदर म्हणतात, आणि रिवाज असा की घरातलं सगळ्यात लहान मूल प्रश्न विचारतं, आजची रात्र बाकीच्या रात्रींपेक्षा वेगळी का. मग मोठ्यांनी उत्तर द्यायचं. ताटात बेखमीर म्हणजे न आंबवलेली भाकरी, नुसतं पीठ आणि पाणी, कालवल्यापासून भाजून होईपर्यंत 18 मिनिटांच्या आत व्हायला हवी कारण निघायची घाई होती ना, पीठ फुगायला वेळ कुठे. कडू पाला गुलामीच्या दिवसांसाठी, मिठाचं पाणी डोळ्यातल्या पाण्यासाठी, द्राक्षारसाचे 4 प्याले. आणि मिसरावर आलेल्या 10 पीडांची म्हणजे संकटांची नावं घेताना प्रत्येक नावाला प्याल्यातून एक थेंब बाहेर काढतात, त्याचा अर्थ असा सांगतात की आपल्या सुटकेत मिसरी लोकही मेले, म्हणून आपला आनंदाचा प्याला पूर्ण भरलेला नको. उपकार मानताना दुसऱ्याच्या दुःखाची जाणीव ठेवायची हे माझ्या मनाला फार लागलं, आपल्या साक्षींमध्ये ते सहसा नसतं.

कडू पाल्याचं मुलांना समजावायला मराठी घरात फार कष्ट नाहीत. पाडव्याला शेजारी कडुनिंबाची पानं गुळाबरोबर खातात हे त्यांनी बघितलेलं असतं. कारण वेगळं आहे हे सांगायचं, पण कडू आणि गोड एकाच घासात घ्यायचं हे जिभेला आधीच माहीत असतं. आणि वल्हांडण येतं पौर्णिमेला, बहुतेक वर्षी आपल्या चैत्र पौर्णिमेच्या आसपासच, त्यांच्याकडेही आपल्या अधिक महिन्यासारखा जास्तीचा महिना धरतात, 19 वर्षांत 7 वेळा. गच्चीवर नेऊन चंद्र दाखव, म्हणावं याच चंद्राखाली ती माणसं सामान बांधून निघाली.

या जेवणात आणखी एक जुनी शिकवण आहे, प्रत्येक पिढीत प्रत्येकाने असं समजावं की मी स्वतः मिसरातून बाहेर आलो. "ते" सुटले असं म्हणायचं नाही, "आम्ही" सुटलो म्हणायचं. बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या 26 व्या अध्यायातही तेच आहे, पहिल्या पिकाची टोपली घेऊन आलेला शेतकरी याजकापुढे उभा राहून आधी सांगतो की माझा बाप भटकणारा अरामी होता, मग एका वाक्यानंतर "मिसऱ्यांनी आम्हाला छळलं" वर येतो. 400-500 वर्षांमागची गोष्ट असली तरी तो आम्हाला म्हणतो. टोपलीत अंजीर असो की गहू, त्याच्याबरोबर स्वतःची हकीकत पण द्यायची असते.

हे मराठीत कधीच झालेलं आहे बरं का. कोकणातले बेने इस्राएल म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, ज्यांना गावोगाव शनिवार तेली म्हणायचे कारण तेलाचा घाणा ते शनिवारी बंद ठेवायचे, त्यांनी वल्हांडणाची पोथी म्हणजे हग्गादा हिब्रू आणि मराठीत छापलेली आहे, 1874 ची पुण्याची प्रत आहे आणि तिच्या चित्रात बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका साडीत दाखवल्यात. त्यांच्या सणांची जुनी नावं ऐकशील तर आपल्या आजीच्या तोंडची वाटतील. नवीन वर्ष म्हणजे नव्याचा सण, प्रायश्चित्ताचा दिवस म्हणजे दारफळणीचा सण कारण त्या दिवशी दारं लावून घरात उपास करायचा, आणि खिरीचा सण. 1880 च्या सुमारास त्यांनी कीर्तनही सुरू केलं, योसेफाची, मोशेची आख्यानं मराठीत, झांजा घेऊन. आपल्याकडे नारायण वामन टिळकांनी अभंग आणि भजन ख्रिस्ती उपासनेत आणलं आणि आपण आजही गातो, तर त्याच्या थोडं आधीपासूनच त्याच भाषेत हे पण चाललेलं होतं. (टिळकांच्या लक्ष्मीबाई आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या, हे मुलांना जरूर सांग.)

मी एकदा एका बेने इस्राएल मैत्रिणीच्या घरी मलिद्याला गेले होते, अलिबागकडे. तिच्या मुलाचं मोठं आजारपण निभावलं होतं म्हणून. मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर सुका मेवा, आणि भोवती 5 प्रकारची फळं लावलेलं मोठं ताट. एलियाहू हन्नाबीचं म्हणजे आपल्या एलीया संदेष्ट्याचं नाव घेऊन गाणं होतं. पण माझ्या लक्षात राहिलं ते वेगळंच. ताट समोर आलं आणि मला वाटलं आता एक प्रार्थना आणि खायचं. तसं नाही. झाडावरच्या फळासाठी वेगळा आशीर्वाद म्हणायचा, जमिनीतून येणाऱ्यासाठी वेगळा, पोह्यांसाठी वेगळा. मी केळं उचललं तर मैत्रीण म्हणाली थांब, केळं जमिनीच्यात धरतात, कारण केळीला खरं खोड नसतं, एकदा घड आला की ती पडते आणि नवीन फुटवा येतो. मी शेतकऱ्याची मुलगी, मला हे माहीत होतं, पण उपकार मानताना केळ आणि आंबा यात फरक करायचा हे कधी मनात आलं नव्हतं. देवाने वेगवेगळं केलं तर आभारही वेगवेगळे, इतकी साधी गोष्ट. त्या रविवारी मी वर्गात 3 फळं नेली आणि मुलांना विचारलं हे कुठून आलं, कुणाच्या हातून आलं, अर्धा तास त्यातच गेला.

त्याच मैत्रिणीने मुंबईतल्या सगळ्यात जुन्या सिनेगॉगची म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाची गोष्ट सांगितली, 1796 ची, तिला त्यांचे लोक जुनी मशीद म्हणायचे. सॅम्युअल एझकिएल दिवेकर नावाचे सैन्यातले अधिकारी म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत पडले, सुटले तर प्रार्थनास्थळ बांधीन असा नवस केला आणि सुटून आल्यावर बांधलं, अशी त्यांच्या समाजात पिढ्यान्पिढ्या चालत आलेली हकीकत आहे. आजचं मशीद बंदर स्टेशन त्याच भागात.

आता बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाचा 7 वा अध्याय, जो आपण वाचताना पान उलटतो. त्यात उपकारस्तुतीच्या अर्पणाचा नियम आहे की त्याचं मांस त्याच दिवशी खाऊन संपवायचं, सकाळपर्यंत ठेवायचं नाही. नवसाचं अर्पण दुसऱ्या दिवशीही चालतं, याचं चालत नाही. आणि बरोबर भाकरींचा ढीग. एका घराला एका दिवसात संपणारच नाही एवढं. मग काय करणार, माणसं बोलवावी लागणार, नातेवाईक, शेजारी, दारावरचा गरीब, आणि लोक आले की विचारणार काय झालं, आणि सांगावं लागणार. माझा असा समज आहे की नियम त्यासाठीच आहे, एकट्याने गुपचूप उपकार मानू नयेत म्हणून. आपल्या घरांमध्ये उपकारस्तुतीची सभा ठेवतात ना, पोरगी पास झाली, ऑपरेशन नीट झालं, नवीन घर घेतलं, तर पाळकसाहेब येतात, गाणी होतात, चहा आणि केक किंवा बिर्याणी. ही फार चांगली चाल आहे, जपा. फक्त अलीकडे ज्याच्या घरी सभा असते तो बोलतच नाही, पाळकच बोलतात. घरवाल्याला बोलू द्या, अडखळत का होईना.

ज्यूंच्या मांडवांच्या सणाबद्दल मात्र मला नाशिकच्या माणसांशीच बोलावंसं वाटतं. आपल्याकडे मांडव म्हटलं की आधी द्राक्षाचा मांडव डोळ्यांपुढे येतो, तारांवर पसरलेला. अनुवाद 16 मध्ये हा सण खळ्यातलं धान्य आणि द्राक्षकुंडाचा रस गोळा झाल्यावर करायला सांगितलाय, म्हणजे घर भरलेलं असताना. आणि नेमकं तेव्हाच भरलेल्या घरातून उठून 7 दिवस फांद्यांच्या झोपडीत जाऊन बसायचं. छपराला तोडलेल्या फांद्या, पानं, आणि रिवाज असा की त्यातून रात्री तारे दिसावेत. का, तर रानात देवाने तुमच्या पूर्वजांना असंच झोपड्यांत ठेवलं होतं हे मुलांना कळावं. अनुवादाच्या 8 व्या अध्यायातली भीतीच ती आहे, खाऊन तृप्त झालास, चांगली घरं बांधलीस, गुरंढोरं वाढली की विसरशील आणि म्हणशील हे माझ्या हाताच्या बळाने मिळवलं. माणूस अडचणीत देवाला विसरत नाही, सुगीत विसरतो. आणि या सणात आनंद करायला कोणाकोणाला घ्यायचं त्याची यादी दिली आहे, मुलगा, मुलगी, दास, दासी, लेवी, परका, अनाथ, विधवा.

आपला कापणीचा सण, आपण सगळे हार्वेस्टच म्हणतो, तो याच्याच जवळचा. तुलाही माहीत आहे कसा होतो, वेदीपाशी ऊस, मेथीच्या जुड्या, कांद्याच्या गोणी, द्राक्षं, कोंबड्यासुद्धा, आणि उपासनेनंतर लिलाव. एका वर्षी निफाडकडून आलेली एक बाई, तिला जमीन नाही, बागेत मजुरीला जायची. सगळे टोपल्या घेऊन पुढे जाताना ती मागे बसलेली. मग उठली आणि पिशवीतून छाटणीची कात्री काढून टेबलावर ठेवली, लाल मुठीची, एका मुठीवरचं रबर निघालेलं म्हणून तिथे सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. म्हणाली, "ऑक्टोबरच्या छाटणीत हिच्यावर 40 दिवस मिळाले. त्याच्यात पोरीची फी भरली. परत नेणार आहे, उद्या काम आहे, पण आज इथं राहू द्या." आणि जाऊन बसली. लिलावात ती कात्री अर्थातच ठेवली नाही. पाळकांनी त्या दिवशी जो संदेश तयार केला होता तो त्यांनी निम्म्यावर आणला, कारण अनुवाद 26 ची टोपली आणि हकीकत दोन्ही तिने दिलं होतं.

या सगळ्याचं मूळ आपल्याकडे प्रभुभोजनात आहे, येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीत आपण भाकर आणि द्राक्षरस घेतो त्यात. ज्या ग्रीक शब्दावरून युखरिस्त हे नाव आलं त्याचा अर्थच उपकार मानणं. ज्या रात्री त्याला धरून देण्यात आलं त्या रात्री येशूने भाकर घेतली आणि उपकार मानले, धरून देणार आहेत हे माहीत असताना. आणि "माझ्या स्मरणार्थ हे करा" म्हणाला, करा म्हणाला. मत्तय म्हणतो की ते गीत गाऊन जैतुनांच्या डोंगराकडे गेले, वल्हांडणाला 113 ते 118 ही स्तोत्रं गातात, त्यामुळे "परमेश्वराचे उपकारस्मरण करा, कारण तो चांगला आहे" हे शब्द त्याच्या ओठांवर असतानाच तो गेथशेमानेकडे, जिथे त्याला पकडलं त्या बागेकडे, चालत गेला असं बहुतेक जण मानतात. (योहानाच्या शुभवर्तमानात दिवसाचा हिशोब थोडा वेगळा लागतो, मोठ्या मुलांनी विचारलं तर लपवू नकोस, सांग.) मुलांना मी वर्षातून एकदा तरी प्रभुभोजनाच्या आधी वेदीजवळ नेऊन भाकर आणि द्राक्षरसाचा वास घ्यायला लावायचे, म्हणायचे हा वास आपल्या गावाचा आहे, द्राक्षाचा, आणि त्या रात्रीचाही हाच होता.

मग आता तुमचा वाद. पौलाने कलस्सैकरांना स्पष्ट लिहिलंय की सण, अमावास्या, शब्बाथ म्हणजे शनिवारचा विसाव्याचा दिवस, यांवरून कुणी तुमचा न्याय करू नये, त्या गोष्टी पुढे येणाऱ्याची छाया होत्या आणि शरीर ख्रिस्ताचं आहे. म्हणजे ख्रिस्ती माणसावर हे सण पाळायची सक्ती नाही आणि कुणी पाळले नाहीत म्हणून तो कमी नाही. पण छाया म्हणजे खोटी गोष्ट नव्हे, छायेवरून माणसाचा आकार कळतो. म्हणून शिका, वाचा, मुलांना सांगा. नाटक मात्र करू नका असं माझं ठाम मत आहे. शोफार फुंकून, टोपी घालून चर्चमध्ये सेदर मांडायचा आणि म्हणायचं येशूने असाच केला, हे बरोबरही नाही कारण आजचा सेदर पुष्कळसा येशूनंतरच्या काळात घडत गेलाय, आणि शोभतही नाही कारण तो एका जिवंत समाजाचा घरचा सण आहे. युरोपात मध्ययुगात पवित्र आठवड्यातच ज्यू वस्त्यांवर हल्ले व्हायचे, वल्हांडणाच्या भाकरीवरून त्यांच्यावर भयंकर खोटे आळ घेतले, आणि ते करणारे ख्रिस्ती म्हणवणारे होते. आपल्या महाराष्ट्रात तसं घडलं नाही याबद्दल देवाचे उपकार, पण माहिती असायला हवी. कुणी ज्यू कुटुंब बोलावलं तर पाहुणे म्हणून जा आणि गप्प बसून बघा, मी मलिद्याला गेले तशी.

आणि "आम्ही गुलाम होतो" हे शिकवायला तुला लांब जायचीच गरज नाही. आपल्या नाशिकातलं शरणपूर आहे ना. 1850 च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने ती वस्ती उभी केली, नावच शरण आलेल्यांचं. गुलामांच्या व्यापारातली जहाजं अरबी समुद्रात पकडली जायची, त्यातून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवायचे आणि त्यातली बरीच इथे शरणपूरला आणली, इथे शिकली, सुतारकाम, लोहारकाम शिकली. त्यांना आफ्रिकेत नाशिकची मुलंच म्हणायचे. त्यातला जेकब वेनराइट हा आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी लिव्हिंगस्टनच्या शेवटच्या प्रवासात होता, 1873 मध्ये आफ्रिकेत त्याच्यासाठी अंत्यविधीची प्रार्थना त्याने वाचली, मृतदेहाबरोबर इंग्लंडला गेला आणि 1874 च्या एप्रिलमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत होता. पुढे बरेच जण परत गेले आणि मोंबासाजवळ फ्रीअरटाउन वसलं. म्हणजे ज्या रस्त्याने तुझी मुलं आज क्लासला जातात तिथे अक्षरशः गुलामीतून सुटलेली मुलं राहिली आणि गायली. पण हे सांगताना कडू पाला पण वाढ, ती मुलं आईबापांपासून तोडून आणलेली होती, बहुतेकांना आपलं गाव परत दिसलं नाही. सुटका झाली आणि घर मिळालं नाही, दोन्ही खरं.

एक माझं स्वतःचं सांगते. आमचे हे गेले त्या वर्षीच्या 31 डिसेंबरला मी वॉचनाईटला म्हणजे वर्षअखेरच्या रात्रीच्या उपासनेला जाणार नव्हते, सून म्हणाली म्हणून गेले. आपल्याकडे त्या रात्री एकेक जण उठून वर्षाची साक्ष देतो. माझी पाळी आली तर मला उपकार काही आठवेनात, खोटं बोलायचं नव्हतं. मग शमुवेल संदेष्ट्याने आठवणीसाठी उभा केलेला तो दगड आठवला, एबन-एजर, "येथवर परमेश्वराने आम्हाला साहाय्य केलं". मी म्हटलं, "येथवर," आणि बसले. एवढीच साक्ष. पुढचं मला त्या रात्री म्हणता येत नव्हतं आणि कुणी म्हणायला लावलं नाही. पुढच्या वर्षी मी नावं घेऊन सांगू शकले, दवाखान्यात रात्री कोण बसलं, कोणी डबा आणला, शेवटच्या दिवशी यांनी कोणतं गीत म्हणायला सांगितलं. मुलांनाही तेवढा वेळ द्यायचा असतो. वर्गात एखादं मूल उपकाराची ओळ लिहीत नसेल तर त्याला फक्त "येथवर" लिहू दे आणि तारीख घाल.

तर येत्या पवित्र गुरुवारी सेदर नको, संध्याकाळच्या उपासनेआधी तासभर मुलांना घेऊन बस. ज्वारीच्या भाकरी तूच कर किंवा दोन आया बोलव, मुलांनी पीठ मळलेलं बघितलं पाहिजे, घड्याळ लावून. खाली सतरंजीवर बसा. कडुनिंबाची कोवळी पानं त्याच दिवशी सकाळी तोड, 9 वर्षांच्यांना एकेकच पान, गुळाचा खडा हातात तयार ठेव, कुणाला जबरदस्ती नको. सगळ्यात लहान मुलाला प्रश्न आधी शिकवून ठेव, बाकीचे प्रश्न त्यांचे त्यांना सुचू दे. मग एक मोठं माणूस बोलव, मंडळीतली एखादी आजी, आणि तिला सांग की 10 मिनिटांत एकच गोष्ट सांगायची, देवाने तुम्हाला कशातून काढलं ती, संदेश द्यायचा नाही. शेवटी 136 वं स्तोत्र, ओवी तू म्हण, धरायला मुलं. 23 व्या ओवीला जरा थांब, मुलांनी वहीत लिहिलेलं तिथे वाचायचं, ज्याला वाचायचंय त्याने. वह्या घरी पाठवू नकोस, चर्चच्या कपाटात ठेव, पुढच्या वर्षी त्याच मुलांना त्याच वह्या उघडून द्यायच्या आहेत.